लगेच पी, असं लिहिलं होतंस

रोवेना,
तळघराच्या चौदा पायऱ्या आता मी बसत बसत उतरतो,
तान्ह्या पोरासारखा.
तुझी आई असती तर हसून भिंतीला टेकली असती.

खाली बारा अंश. जानेवारी असो, जुलै असो, बाराच.
कोळसा टाकायच्या भोकावर मी गोणपाट ठोकलंय,
कारण उजेड हा बियरचा पहिला चोर.
दुसरा चोर हवा; तिला मी मेण लावून बाहेर ठेवतो,
तरी ती येतेच, केसाएवढी.
बाटल्या सगळ्या उभ्या.
नाव बार्लीवाइन, पण द्राक्षाचा थेंब नाही हिच्यात;
जवाचीच लेक, मोठ्या घरी दिलेली.

डाव्या भिंतीला आपल्या, बर्टनच्या.
निवडताना मी आधी अंगातला जोर बघतो, मग गोडवा.
ज्यात हे दोन्ही नाहीत ते म्हातारं होत नाही,
नुसतं शिळं होतं.
(दोन्हींतला फरक मला साठीनंतर कळला.)
पहिल्या वर्षी काकवी, आणि वर दारूचा चटका.
तिसऱ्या वर्षी ती गप्प होते,
आणि लोक घाबरून नेमकी तेव्हाच उघडतात.
सातव्या-आठव्याला मुरते.
मग सुकं अंजीर, घोड्याच्या खोगिराचं चामडं,
आणि चर्चच्या बाकाला पुसलेल्या मेणाचा
रविवारचा वास.

उजव्या भिंतीला तुझ्या.
कॅलिफोर्नियाहून दर नाताळला एक,
लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेली;
कस्टमच्या कागदावर तू लिहायचीस, ‘मोजे’.
आणि आत चिठ्ठी:
“बाबा, ही ठेवू नकोस. लगेच पी.
इथल्या हॉप्सचा वास कुणासाठी थांबत नाही.”

मी नाही प्यायलो.
एनिड शेजारीण विचारायची, तर सांगायचो,
चांगली वस्तू मुरू द्यावी.
खोटं होतं ते.
कारखान्याचे पिंप लिलावात निघाले त्या आठवड्यात
तू बॅग भरलीस, आणि मी म्हणालो,
जा, चार महिन्यांत परत येशील.
चूक कबूल करायची तर बाटली उघडावी लागली असती.

गेल्या गुरुवारी ओल तपासायला किनर्सलीचा पोरगा आला.
भिंतीला यंत्र लावता लावता म्हणाला,
“मिस्टर टनिक्लिफ, या कुणासाठी?”
माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्लास होते.

दोन हजार तीनची: ओला पुठ्ठा.
मोरीत ओतली. ओतताना तुझी माफी मागितली,
पोरगा दुसरीकडे बघत होता.

दोन हजार अकराची: जंगल सगळं तुटलेलं,
पाइन नाही, पपनसाची साल नाही.
खाली टॉफी, खजूर, जवळजवळ आपल्या डाव्या भिंतीची बहीण.
पण कडूपणा तसाच होता मागे,
तसबीर उतरवल्यावर
भिंतीत खिळा राहतो तसा.
ही आम्ही संपवली. वाईट नव्हती. चांगली होती,
पण तू पाठवलेली ती ही नव्हे.

मग गेल्या नाताळची.
बूच निघालं आणि तळघरात कुणीतरी खिडकी उघडली.
खिडकी तर नाहीच तिथे!
कडू, धीट, दारातच हात पुढे करणारं.
पोरगा म्हणाला, “बाप रे.”
मी काहीच म्हणालो नाही.
इतकी वर्षं तू दर डिसेंबरला काय ओरडत होतीस
ते मला एका घोटात ऐकू आलं.

उरलेल्यांचं काय करू, ते कळव.
मी एक पाठवतोय, तू गेलीस त्या वर्षीची, डाव्या भिंतीची.
हिला फ्रिजमध्ये कोंडू नकोस. ओतल्यावर अर्धा तास
तशीच राहू दे टेबलावर. ती म्हातारी आहे,
तिला बोलायला वेळ लागतो.
कागदावर काय लिहू? मोजेच लिहितो.

आणि हो, मोजे.
ते मात्र मी दरवेळी
लगेच घातले होते.